‘इम्प्फेन’ म्हणजे लस टोचणे. मग लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘ठपका ठेवणे’ कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनमध्ये लस टोचण्याला ‘इम्प्फेन’ म्हणतात. व्युत्पत्तिकोशात त्याचं मूळ लॅटिन ‘इम्पुतारे’ असं दिलंय. म्हणून प्रश्नकर्तीने लॅटिन कोश उघडला, तर तिथे ‘इम्पुतारे’चा अर्थ निघाला ‘एखाद्याच्या खात्यावर मांडणे, एखाद्यावर ठपका ठेवणे’. आता लस आणि ठपका यांची गाठ कुठे पडते, की कोशच चुकलाय? आणि जाता जाता विचारलेला दुसरा प्रश्न: एका जुन्या बागकामाच्या पुस्तकात झाडांना ‘इम्प्फेन’ केल्याचं वाचलं, तर जर्मनच्या बी-२ (मध्यम पातळीच्या) परीक्षेच्या निबंधात गुलाबाच्या बाबतीत हे क्रियापद वापरलं तर चालेल का?

कोश चुकलेला नाही. तुम्ही लॅटिन कोशातला दुसऱ्याच माणसाचा दरवाजा वाजवलात, इतकंच. नाव तेच, घर वेगळं.

आधी दोन मराठी वाक्यं बघा. “पोलिसांनी त्याच्यावर चोरीचं कलम लावलं.” “काकांनी परसात हापूसचं कलम लावलं.” हे दुसऱ्या कोणा परभाषकाने कोशात शोधलं, तर तोही हेच विचारेल की आंब्याचा आणि गुन्ह्याचा संबंध काय. आपल्याला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण कुठलं कलम कुठे लावायचं ते आपल्याला माहीत असतं. लॅटिनमध्ये झालेली गंमत साधारण याच जातीची आहे, फक्त तिथली फांदी वेगळ्या जागी फुटली.

ती जागा म्हणजे ‘पुतारे’ हे क्रियापद. त्याचा जुना अर्थ साफ करणे, आणि शेतात साफ करणे म्हणजे छाटणे. नाशिककडचा द्राक्षवाला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतो, ते काम रोमन माणसासाठी ‘पुतारे’. हात-पाय कापण्याला डॉक्टर ‘अँप्युटेशन’ म्हणतात त्यात हेच ‘पुतारे’ आहे. ‘आम्पुतारे’ म्हणजे चहूबाजूंनी छाटून टाकणे. पुढे हिशेब साफ करणे याही अर्थाने तो शब्द चालू लागला. आपणही हिशेब ‘साफ’ करतो, त्यामुळे हे वळण समजायला जड जाऊ नये. हिशेबावरून मोजणे, मोजण्यावरून मानणे, विचार करणे. ‘कॉम्प्युटर’ याच वाटेने आला. आणि ‘इन’ अधिक ‘पुतारे’ म्हणजे कोणाच्या तरी खात्यात मांडणे. चांगलं काम मांडलं तर श्रेय, वाईट मांडलं तर ठपका. तुम्ही उघडलेलं पान या हिशेबनिसाच्या ‘इम्पुतारे’चं होतं.

बागेतलं ‘इम्पुतारे’ निराळं. ते सिसेरोसारख्या रोमन वक्त्याच्या भाषणांत सापडायचं नाही. ते गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) आणि ऱ्हाइनकाठच्या मळ्यांतल्या बोलीतलं आहे आणि त्याचा अर्थ ‘झाडाला चीर देऊन दुसऱ्या झाडाची काडी आत बसवणे’, म्हणजे आपलं कलम बांधणे.

आता हे कशावरून म्हणायचं? मी गेली बरीच वर्षं जर्मनमधून मराठीत अनुवाद करतो आणि शिकवतो. व्युत्पत्ती तपासताना तीन गोष्टी पाहतो: ध्वनी जुळतो का, अर्थाचा प्रवास पटतो का, आणि ती वस्तू किंवा कृती त्या काळी त्या जागी होती का. या तिन्ही गोष्टी एकाच वजनाच्या नाहीत. अर्थाची गोष्ट कोणीही रचू शकतो, आणि रचलेली गोष्ट जितकी गोड तितकी ती खोटी असण्याचा संभव जास्त. ध्वनीचं तसं नाही, म्हणून ध्वनीपासून सुरुवात करू.

‘इम्प्फेन’मधला ‘प्फ’ हा इथला पंचनामा आहे. साधारण सहाव्या-सातव्या शतकात दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत ‘प’चा ‘प्फ’ झाला. त्याआधी लॅटिनमधून आलेले शब्द या घाण्यातून पिळून निघाले: मिरीचा ‘पिपेर’ झाला ‘प्फेफर’, खांबाचा ‘पालुस’ झाला ‘प्फाल’, मैदानाचा ‘काम्पुस’ झाला ‘काम्प्फ’, म्हणजे लढाई. जे शब्द नंतर आले त्यांचा ‘प’ शाबूत राहिला. ‘पापीर’ म्हणजे कागद हा त्यातलाच. तेव्हा ‘इम्प्फेन’ हा ‘प्फेफर’च्या पंगतीला बसलेला शब्द आहे, ‘पापीर’च्या नाही. तो भिक्षूंच्या पोथ्यांतून उशिरा आलेला नाही, रोमन मळ्यांतून आधीच आलेला आहे. जुन्या उच्च जर्मनमध्ये (म्हणजे जर्मनच्या सगळ्यात जुन्या लिखित टप्प्यात) ‘इम्पितोन’ आणि ‘इम्प्फोन’ अशी दोन्ही रूपं मिळतात. पहिल्यात ‘इम्पुतारे’तला ‘त’ अजून जिवंत दिसतो, दुसऱ्यात तो झिजलाय.

आणि तुमच्या ठपक्याचं काय झालं? तोही जर्मनमध्ये आला, पण पुस्तकातून आणि फार उशिरा: ‘इम्पुटीरेन’. शेवटी ‘-ईरेन’ दिसलं की समजावं, हा शब्द शिकलेल्या लोकांनी आणलाय. ‘ष्टुडीरेन’, ‘ऑपेरीरेन’ सगळे त्याच गावचे. म्हणजे दोन ‘इम्पुतारे’ जर्मनमध्ये दोन वेगळ्या दारांनी शिरले, एक चिखलाच्या पायांनी आणि एक बूट घालून. दोघांची गाठ जर्मनमध्ये पडलीच नाही.

अर्थाचा पुरावाही हाताशी आहे. फ्रँक लोकांचा सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा सालिक कायदा मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये लिहिलेला आहे. त्यात सफरचंद किंवा नासपतीच्या बागेतून कलम चोरणाऱ्याला दंड सांगितलाय, आणि त्या कलमाला शब्द वापरलाय ‘इम्पोतुस’. चोरलं कलम म्हणून लागलं कलम! हे वाक्य मराठीशिवाय कुठल्याही भाषेत जमणार नाही.

आता जिथे पंडितांचं एकमत नाही, तिथे येऊ. बागेतलं ‘इम्पुतारे’ हे ‘इन’ अधिक ‘पुतारे’ म्हणजे ‘आत छेद देणे’ असं सरळ लॅटिन रोप आहे, की ग्रीक ‘एम्फुतेउएइन’ म्हणजे ‘आत रोवणे’ हा शब्द लॅटिन तोंडात बसता बसता तसा झाला, यावर दोन मतं आहेत. मी दुसऱ्या बाजूला झुकतो. कारण असं की दक्षिण फ्रान्समधलं मार्सेय हे इ.स.पू. ६००च्या सुमारास ग्रीकांनी वसवलेलं बंदर, आणि तिकडे द्राक्षशेतीचे धडे ग्रीकांनी दिले. तंत्र ज्याचं, शब्द त्याचा, असं बहुतेक वेळा घडतं. ‘एम्फुतोन’सारखा परका शब्द छाटणी करणाऱ्या मजुराच्या कानावर पडला, तर तो त्यात आपलं रोजचं ‘पुतारे’ ऐकणारच. आपण ‘हॉस्पिटल’चं ‘इस्पितळ’ केलं, तिथे निदान अर्थाला धक्का लागला नाही. इथे अर्थही जवळचाच मिळाला. पण हे अवलंबून आहे तुम्ही व्युत्पत्ती कुठे थांबवता त्यावर. जर्मन शब्दाचा थेट सावकार कोण, एवढंच विचारायचं असेल तर उत्तर लॅटिन. त्या सावकाराने कोणाकडून उसने आणले हे विचारलं तर ग्रीक. वेगवेगळे कोश वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं त्यांचं भांडण आहे.

तिसरी कसोटी वस्तूची. खरं सांगायचं तर माझी गाडी इथेच एकदा घसरली होती. शिकाऊ असताना फळबागांवरचा एक जुना जर्मन मजकूर माझ्याकडे आला. त्यात ‘गेइम्प्फ्टे बॉयमे’ होतं, आणि मी निर्धास्तपणे ‘लस दिलेली झाडे’ असं लिहून मोकळा झालो. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात फक्त एवढंच लिहिलं: “कुठल्या रोगावर?” तो कागद मी अजून टाकलेला नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात रत्नागिरीकडे एका नातेवाइकांच्या रोपवाटिकेत दिवसभर बसलो होतो. तिथे कोय कलमं बांधायचं काम चालू होतं. कोयीतून नुकतं वर आलेलं तांबूस रोप, जेमतेम पंधरा दिवसांचं. बाई ते हातात घेत, बोटभर उंचीवर शेंडा उडवत आणि उरलेल्या खुंटाला मधोमध दीडएक इंचाची चीर देत. मग हापूसची काडी घ्यायची, दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत सरकवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. एकेका कलमाला दोन मिनिटंसुद्धा लागत नव्हती. मी विचारलं, यातलं कौशल्य कशात? त्या म्हणाल्या, “सालीला साल भिडली पाहिजे. नाय भिडली तर काडी सुकते.” छेद द्यायचा, बाहेरचं जिवंत काहीतरी त्यात ठेवायचं, बांधायचं आणि धरतंय का याची वाट बघायची. पुढे डॉक्टरांनी हा शब्द का उचलला ते मला त्या मांडवाखाली कळलं, कोशात नाही.

थोडा फाटा फोडतो. ‘कलम’ हा शब्द आपल्याकडे फारसीमार्गे अरबीतून आला आणि अरबीत तो ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू यावरून गेला. लॅटिनमध्ये तोच ‘कालामुस’, आणि थोरला प्लिनी हा रोमन लेखक कलमाच्या काडीलाही ‘कालामुस’ म्हणतो. म्हणजे लेखणी आणि कलमकाडी यांना एकच नाव देणारे आपण पहिले नव्हे.

इथवरचा मुद्दा एका दमात: ‘इम्प्फेन’ हजारभर वर्षं बागेतलाच शब्द होता, आणि तो बागेत लॅटिनमधून ‘प’चा ‘प्फ’ होण्याआधी आला. एकटा नव्हे, सगळं बिऱ्हाड घेऊन: वाइनला ‘वाइन’, तळघराला ‘केलर’, द्राक्षं चिरडायच्या घाण्याला ‘केल्टर’, ताज्या रसाला ‘मोस्ट’, नरसाळ्याला ‘ट्रिश्टर’. सगळे लॅटिन. मोझेल नदीच्या उतारांवर रोमनांनी मळे केले आणि शब्द जमिनीसकट सोडून गेले.

दवाखान्यात हा शब्द गेला तो अठराव्या शतकात, देवीच्या रोगामुळे. लस काढणाऱ्या इंग्रज डॉक्टर जेन्नरच्या आधीची पद्धत अशी होती की देवी आलेल्या माणसाच्या फोडातलं द्रव्य घ्यायचं, निरोगी माणसाच्या दंडावर बारीक चीर पाडायची आणि ते द्रव्य त्यात भरायचं. धोका होताच, पण आपसूक आलेल्या देवीपेक्षा बराच कमी. ऑस्ट्रियाची मारिया थेरेसिया १७६७मध्ये स्वतः देवीतून वाचली आणि पुढच्याच वर्षी तिने यान इंगेनहाउस या डच डॉक्टरला बोलावून घरातल्या मुलांना हे करून घेतलं. (हाच इंगेनहाउस नंतर झाडांकडे वळला आणि पानं प्राणवायू सोडतात ते उजेडातच, हे त्याने १७७९मध्ये दाखवलं. बागेचा शब्द दंडावर आणि दंडाचा डॉक्टर बागेत!)

या नव्या कृतीला जर्मनमध्ये नाव हवं होतं आणि उमेदवार तीन होते: ‘इनोकुलीरेन’, ‘आइनप्फ्रोप्फेन’ आणि ‘आइनइम्प्फेन’. तिघेही माळ्यांचेच शब्द. ‘प्फ्रोप्फेन’ म्हणजे काडी खुपसून कलम करणे, तोही लॅटिनच्याच ‘प्रोपागो’ म्हणजे रोप यावरून. ‘इनोकुलीरेन’मध्ये ‘ओकुलुस’ आहे, म्हणजे डोळा. रोमन माळी झाडाच्या कळीला डोळा म्हणायचा आणि सालीखाली कळी बसवण्याला ‘डोळा आत घालणे’. आपल्याकडे गुलाबाचा डोळा भरतात की नाही? तेच. इंग्रजीत हा डोळा दवाखान्यात गेला आणि कायमचा तिथेच राहिला. जर्मनमध्ये उलटं झालं: डोळा ‘ओकुलीरेन’ होऊन बागेतच थांबला आणि दवाखान्यात गेला तो ‘इम्प्फेन’. जर्मन कवी ग्यॉटेने आत्मचरित्रात स्वतःच्या बालपणीच्या देवीबद्दल लिहिताना ‘आइनइम्प्फुंग’ हाच शब्द वापरलाय. जर्मन डॉक्टर तेव्हा हे करायला कचरत होते, असंही तो सांगतो. १७९६मध्ये जेन्नरने गायीच्या देवीची लस काढली तोवर शब्द रुळला होता. बव्हेरियाने १८०७मध्ये ती सक्तीची केली, आणि १८७४मध्ये संपूर्ण जर्मन साम्राज्यासाठी जो कायदा झाला त्याचं नावच ‘राइख्सइम्प्फगेझेत्स’. गंमत म्हणजे त्याच १८७४ साली बॉनजवळ द्राक्षाची मुळं खाणारी फायलॉक्सेरा कीड जर्मनीत पहिल्यांदा सापडली. तिच्यावर अखेर उपाय ठरला तो अमेरिकन खुंटावर कलम करणं. पण तोवर माळ्यांच्या तोंडून ‘इम्प्फेन’ उतरत चाललं होतं.

इंग्रजीतही हा शब्द होता, बरं का. जुन्या इंग्रजीत ‘इम्पा’ म्हणजे कलमाचा कोंब. कोंबावरून लेकरू, लेकरावरून सैतानाचं लेकरू, आणि आज ‘इम्प’ म्हणजे खोडकर छोटं भूत. इंग्रजीत ‘प’चा ‘प्फ’ कधी झालाच नाही, त्यामुळे तिथे जुना ‘प’ जसाच्या तसा दिसतो. ध्वनीच्या कसोटीला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

मराठीचा विचार केला तर आपण वेगळ्या बाजूने गेलो. भारतातली पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ती आली कुठून? व्हिएन्नातल्या जाँ द कारो या डॉक्टरने बगदादला पाठवलेल्या द्रव्यातून, पुढे बसऱ्याहून, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर करत करत. म्हणजे जिथे लोक ‘इम्प्फेन’ म्हणत होते त्या शहरातूनच वस्तू निघाली, पण शब्द बरोबर आला नाही. आपण पाहिलं ते द्रव्य, जखमेतून येते ती लस, आणि पाहिली ती कृती, टोचणे. माझी आजी तर ‘देवी काढल्या’ असंच म्हणायची. बागेची उपमा आपल्या मनात आलीच नाही, हातात ‘कलम’ असूनही.

आजच्या जर्मनमध्ये मात्र बागेचा वास पूर्ण गेलेला नाही. ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारून पाऊस पाडायचा किंवा गारा टाळायच्या, तर ते ढगांना ‘इम्प्फेन’. द्रावणात स्फटिक वाढवायला टाकलेला पहिला खडा म्हणजे ‘इम्प्फक्रिस्टाल’. दुधात विरजण लावण्याला प्रयोगशाळेत ‘बेइम्प्फेन’ म्हणतील. कोणाच्या मनात भीती किंवा शिस्त भरवली तर ‘आइनइम्प्फेन’, आपण ‘बिंबवणे’ म्हणू. थोडंसं आत टाकायचं आणि ते आत धरू द्यायचं, एवढा एक धागा या सगळ्यांत आहे. म्हणून नवीन जोडशब्द दिसला की विद्यार्थ्यांना मी ‘लस’ हा अर्थ लावू देत नाही. आधी ‘विरजण’ लावून बघा म्हणतो, बहुतेक वेळा अर्थ लागतो.

राहिला गुलाब. परीक्षेत ‘रोझेन इम्प्फेन’ लिहू नका. व्युत्पत्तीने तुमची बाजू बरोबर आहे, पण तपासणारा खाली लाल रेघ मारेल आणि त्याचंही चूक नसेल. गुलाबाचा डोळा भरत असाल तर ‘ओकुलीरेन’, काडी लावत असाल तर ‘प्फ्रोप्फेन’, आणि नक्की काय करता ते सांगायचं नसेल तर ‘फेरएडेल्न’, म्हणजे शब्दशः ‘उमदं करणे’. यातलं शेवटचं सगळ्यात सुरक्षित. आणि जुन्या पुस्तकात ‘इम्प्फलिंग’ भेटला, तर लगेच रांगेत उभं राहिलेलं बाळ डोळ्यांसमोर आणू नका. आधी मागचं-पुढचं वाचा, ते रोपही असू शकतं.